वरच्या दोन थरांच्या विटा

बैठकीतला सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला की मागे लाल भुगा दिसतो. आठवड्यातून एकदा मी तो सुपलीत भरते. त्या भिंतीला नखाने टोकरलं तर रंग, पुट्टी, प्लास्टर सगळं हातात येतं आणि आतली वीट बोटाने उकरता येते. घर काही जुनं नाही, २०१८ साली बांधलं. इतर भिंतींचा खालचा भाग आम्ही तोडून पुन्हा बांधून घेतला, ही एक पैशांअभावी राहिली आहे.

बडोद्यातल्या आपल्या मराठी लोकांतले बरेच जण सध्या दांडिया बाजार, शियाबाग, नवापुऱ्यातल्या जुन्या घरांतले वाटे विकून गावाबाहेर बांधकाम काढताहेत. आम्हीही तेच केलं होतं. विटांच्या खरेदीत आम्ही कसे फसलो ते त्यांच्यासाठी लिहिते आहे.

सासऱ्यांच्या वाड्यातला आमचा हिस्सा विकून समा भागात एक लहानसा प्लॉट घेतला. त्याच हिवाळ्यात ह्यांचं ऑपरेशन झालं, त्यामुळे बांधकामाकडे बघायची जबाबदारी माझ्यावर आली. मी शाळेत सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला, पण बांधकामाचा मला काहीच गंध नव्हता. कंत्राटदार भाऊजींच्या ओळखीतला. मराठी, आपल्याच मंडळातला, गणपतीच्या मांडवाचं काम दरवर्षी तोच बघायचा. मला मावशी म्हणायचा, ह्यांना काका. घरी आला की चहा घेतल्याशिवाय जात नसे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे काही झालं ते सगळं या ओळखीच्या आडून झालं.

सिमेंट, लोखंड आणि मजुरी मिळून त्याचा एक ठराविक दर ठरला. विटा मात्र त्याने वेगळ्या ठेवल्या. "मावशी, विटांचा भाव दर आठवड्याला बदलतो, त्या तुम्ही हजारी दराने द्या, मी भट्टीवाल्याकडून थेट आणून देतो." हजारी ५,५०० रुपये ठरले. मग एक दिवस तो वर्तमानपत्रात गुंडाळून सहा विटा घेऊन आला. आमच्या ओट्यावर दोन विटा एकमेकींवर आपटून दाखवल्या. टणटणीत आवाज, गडद लाल रंग, कडा सरळ. त्या सहा विटा खरोखरच एक नंबर होत्या. मी त्यांतली एक ठेवून घेतली, तीही केवळ रंग आवडला म्हणून. पुढे तेवढाच एक पुरावा माझ्याजवळ उरला.

पहिल्या दोन ट्रॉल्या त्या नमुन्यासारख्याच निघाल्या. मी स्वतः उभी राहून बघितल्या आणि निर्धास्त झाले. तिसरीपासून माल पहाटे येऊ लागला. दिवसा शहरात गाड्या सोडत नाहीत, असं कारण. मी आठ वाजता जायची तेव्हा विटांचा चट्टा रचून तयार असायचा. वरचे दोन थर लाल, बाहेरची बाजू लाल. आतल्या आणि खालच्या विटा पिवळट, नारिंगी. कामगार वरून वापरत खाली यायचे तोवर दुपार झालेली असायची आणि मी घरी ह्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळत असायची.

या पिवळ्या विटा कुठून येतात ते मला नंतर कळलं. वीट पक्की होते ती साधारण ९०० ते १,१०० अंश सेल्सिअसच्या आचेत. तेवढी आच मिळाली की मातीचे कण एकमेकांत वितळून सांधले जातात, आणि मग ती माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. विटा आणि जळणाचा ढीग, म्हणजे आवा, रचून भाजतात तेव्हा ही आच सगळीकडे सारखी पोचत नाही. मधल्या विटा कधी इतक्या भाजतात की काळ्या, वेड्यावाकड्या होतात. त्याला खंगर किंवा झामा म्हणतात, आणि त्या पायाच्या खडीलाच बऱ्या. कडेच्या आणि वरच्या विटा मात्र कच्च्या राहतात. चिमणीच्या भट्टीत आच जास्त सारखी मिळते, तरी कच्चा माल तिथेही निघतोच. भट्टीवाला हा माल वेगळा काढतो आणि पडत्या भावाने विकतो. कंपाउंडच्या तात्पुरत्या भिंतीला, गोठ्याला तो चालतो. आमच्याकडून एक नंबरचे पैसे घेऊन राहत्या घराच्या भिंतीत तो घातला गेला. त्यात महिना जूनचा. पावसाळ्यात भट्ट्या बंद राहतात, त्यामुळे मोसमाच्या शेवटी तळाचा राहिलेला माल खपवायची सगळ्यांना घाई असते, आणि पावसाआधी काम उरकायची घाई आपल्याला असते.

आमच्याकडे एक म्हातारा कडिया, म्हणजे गवंडी, होता, गोध्र्याकडचा. त्याने विटा भिजवायच्या टाकीकडे बोट दाखवून मला हळूच सांगितलं होतं, "बेन, आ ईंट बहु पाणी पीए छे." टाकीतलं पाणी चहासारखं लाल झालं होतं आणि तळाशी बोटभर गाळ बसला होता. मी लगेच कंत्राटदाराला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, वीट पाणी पितेच, म्हणून तर भिजवतात." तेवढं खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो, म्हणून मातीची वीट आधी भिजवतातच. पण पाणी किती प्यायचं याला हद्द आहे. भारतीय मानक १०७७ प्रमाणे घरबांधणीच्या नेहमीच्या विटेने चोवीस तास पाण्यात राहून आपल्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी शोषता कामा नये. आणि चांगल्या विटेची माती पाण्यात सुटत नाही. तो कडिया पुढच्या आठवड्यापासून कामावर दिसला नाही. त्याचं ऐकून मी तिथेच काम थांबवायला हवं होतं, ही टोचणी अजून आहे.

दुसरी फसवणूक मापाची, आणि ती मला कित्येक महिने समजलीच नाही. आमचा नमुना नऊ बाय चार बाय तीन इंचांचा. प्रत्यक्षात आलेली वीट साडेआठ बाय चार बाय पावणेतीन. हातात घेतली तर फरक जाणवत नाही. हिशेब केला की जाणवतो. पहिली वीट १०८ घनइंच भरते, दुसरी साडेत्र्याण्णव. सांध्यातला मसाला धरूनही तेवढ्याच भिंतीला शंभराच्या जागी एकशे चौदा विटा लागतात, आणि सांधे वाढले म्हणून सिमेंटही जास्त जातं. आमच्या इंजिनियरचा अंदाज २४,००० विटांचा होता, पैसे गेले २७,५०० विटांचे. "तुटफूट होते, मावशी." १९,२५० रुपये त्या तुटफुटीत गेले. शिवाय विटेवर भट्टीचा मार्का असतो तो खळगा इतका खोल आणि रुंद की मातीही वाचवलेली.

मोजल्या का नाहीत, असं माझ्या जावेने विचारलं. खरं सांगायचं तर लाज वाटली. आपल्या माणसाच्या गाडीपाशी वही घेऊन उभं राहायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. बडोद्यात आपण सगळे एकमेकांना ओळखतो, लग्नकार्यात भेटतो, उगाच वाईटपणा कशाला, असं वाटलं. पक्कं बिलही मागितलं नाही. प्रत्येक ट्रॉलीमागे एक कागदाचा चिठोरा यायचा, त्यावर नुसता आकडा. भट्टीचं नाव नाही, माप नाही, सही नाही.

पहिल्याच पावसाळ्यात प्लास्टरवर रुपयाएवढे पोपडे उडू लागले आणि प्रत्येकाच्या मध्यावर एक पांढरा ठिपका. हा चुनखडीचा प्रकार. विटेच्या मातीत चुनखडीचे खडे राहिले तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. नंतर ओल लागली की तो फुगतो आणि समोरचं प्लास्टर ढकलून देतो. वीट फोडून बघितली असती तर ते पांढरे खडे डोळ्यांना दिसले असते.

मग ३१ जुलै २०१९ आला. बडोद्यावर एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला, विश्वामित्री नदी चढली आणि आमच्या घरात गुडघाभर पाणी दोन दिवस उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर महिन्याभरात खालच्या भिंतींवर मिठासारखा लोणा फुटला, प्लास्टरचे पापुद्रे लोंबायला लागले. कंत्राटदाराला बोलावलं तर म्हणाला, "पूर आला त्याला मी काय करणार?" ऐकणाऱ्या सगळ्यांना ते पटलं. आमच्या ह्यांनाही पटलं. मला पटलं नाही, कारण शेजारच्या घरात पाणी आमच्याइतकंच चढलं होतं. त्यांचं घर आमच्याआधी सहा वर्षं बांधलेलं. त्यांनी भिंती धुतल्या, दोन महिने वाळू दिल्या, रंग दिला आणि संपलं.

पेरूच्या झाडाखाली आमच्या उरलेल्या विटा पडून होत्या. त्या घेऊन मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेले. दाबाची ताकद सरासरी २.२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर निघाली. मानकातला सगळ्यात खालचा वर्गच ३.५ चा आहे. पाणी शोषण २७ टक्के. तिथल्या सरांनी प्लॅन बघितला आणि म्हणाले, तुमच्याकडे आरसीसीचे कॉलम-बीम आहेत म्हणून स्लॅबचं वजन या भिंतींवर नाही. भिंतींवर पेललेलं घर असतं तर तुम्हाला तिथे राहू नका म्हणालो असतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तो अहवाल घेऊन वकिलाकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, या विटा त्यानेच दिल्या हे दाखवणारं काय आहे? चिठोऱ्यांवर काहीच नव्हतं. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, तीही मी मनधरणी करण्यात आणि मध्यस्थ शोधण्यात घालवली. भाऊजी मधल्या मध्ये अवघडले. आमच्या दोन्ही घरांत वर्षभर नीट बोलणं नव्हतं, आणि हे नुकसान कुठल्या हिशेबात धरायचं मला कळत नाही. २०२१ मध्ये भिंतींचे खालचे तीन-तीन फूट तुकड्यातुकड्याने काढून नव्या विटांनी भरले. १,८०,००० रुपये लागले. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पुन्हा पाणी आलं. नव्या भागाला काही झालं नाही, सोफ्यामागची जुनी भिंत आणखी सुटली.

मातीची वीटच नको, असं आता पुष्कळ जण म्हणतात. माझं तसं मत नाही. बडोद्याच्या विद्यापीठातल्या आर्ट्स फॅकल्टीचा तो प्रचंड घुमट विटांचाच आहे आणि शंभरावर वर्षं उभा आहे. राखेच्या विटेतही फसवणूक आहेच, फक्त तिची जागा वेगळी. वणाकबोरीसारख्या कोळशावरच्या वीजकेंद्रांतून निघणारी राख, चुना किंवा सिमेंट आणि दगडाची भुकटी यांची ती वीट. ती भाजत नाहीत. तिला ताकद येते पाणी मारून, आणि त्याला दिवस द्यावे लागतात. घाईने विकलेली वीट दिसायला अगदी नीट असते, पण कोपरा अंगठ्याने दाबला की ढासळतो. भिंतीसाठी विटेऐवजी वापरतात त्या एएसी ब्लॉकच्या नावाखाली साधे फेसाचे ब्लॉकही देतात. दोन्ही हलके, दोन्ही राखाडी. पण एएसी ब्लॉक बंद टाकीत दाबाच्या वाफेवर पक्के केलेले असतात, फेसाचे नसतात. ब्लॉक घेताना कारखान्याचं चाचणी-पत्र आणि बिलावर मानकाचा क्रमांक मागा.

मागच्या वर्षी माझ्या भाच्याने वाघोडिया रोडला घर बांधायला काढलं. त्याने लाल वीटच निवडली. पहिली ट्रॉली आली तेव्हा मी आणि तो दोघंही हजर होतो. मी माझी जुनी नमुन्याची वीट आणि टेप पिशवीतून नेली होती. विटा उतरवताना वरून नाही, मधून आणि तळातून उचलल्या. दहा विटा ओळीने लावून एकत्र लांबी मोजली, म्हणजे प्रत्येकीचा थोडा थोडा फरक एकदम दिसतो. एकीवर खिळ्याने ओढलं तर खोल चर पडला. एक कमरेच्या उंचीवरून सपाट टाकली, तिचे तीन तुकडे झाले. आतला रंग बाहेरून वेगळा, मध्ये मळकट. तीन विटा घरी आणून दोन दिवस उन्हात वाळवल्या, वाण्याच्या काट्यावर तोलल्या आणि रात्रंदिवस बादलीत ठेवल्या. एक २ किलो ४५० ग्रॅमची होती, ती ३ किलो १०० झाली. २ किलो ९४० च्या वर जायला नको होती.

ट्रॉली परत पाठवली. भट्टीवाला फोनवर खूप बोलला, भाचा अवघडला, त्याच्या बायकोने मात्र पैसे दिले नाहीत. चार दिवसांनी दुसऱ्या भट्टीचा माल आला, दिवसाउजेडी. आवाज चांगला, बादलीतल्या विटा १४-१५ टक्क्यांवर थांबल्या, पाणी स्वच्छ राहिलं. मग उतरवताना मोजायला बसलो. चिठ्ठीवर २,००० होत्या. चट्ट्याच्या पोटात पोकळ जागा ठेवली होती, भरल्या १,८७०. भाच्याने बिलावर १,८७० लिहिलं, खाली विटेचं माप लिहिलं, ड्रायव्हरची सही घेतली आणि तेवढेच पैसे दिले.