आजाराचं नाव काढू नका म्हणाला, आणि आम्हाला बुडवून गेला

माझे मिस्टर नऊ वर्षं फौजेत होते. २००८ साली भरती झाले तेव्हा छाती, वजन, डोळे, कान सगळं तपासून घेतलेला माणूस. २०१७ साली मेडिकल बोर्डाने, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांच्या मंडळाने, घरी पाठवला. कागदावर आजाराचं नाव होतं स्किझोफ्रेनिया, मनाचा आजार. सुरुवात सीमेजवळच्या चौकीवर झाली. वायरलेस सेट बंद असतानाही त्यातून कोणीतरी आपलं नाव घेतंय असं ते सांगायचे. घरी आल्यावरही बरेच महिने रात्री दोनला उठून गच्चीवर जायचे आणि चारपर्यंत ताठ उभे राहायचे. पहाऱ्याची वेळ अंगात मुरलेली.

दहा वर्षं भरली नव्हती, त्यामुळे ग्रॅच्युइटीची रक्कम तेवढी मिळाली. अपंगत्व पेन्शनचा दावा नाकारल्याचं पत्र २०१८च्या फेब्रुवारीत आलं. आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही, असं त्यात होतं. खाली एक ओळ होती की हे मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. आमच्या हातात होतं ते एवढंच.

तेव्हा चुलत दिरांच्या ओळखीने तो माणूस घरी आला. स्वतः फौजेतून रिटायर झालेला, बोलणं गोड, अंगणातूनच यांना "राम राम" घालणारा. पोलिसांत तक्रार दिलेली आहे, म्हणून इथे नाव लिहीत नाही. चहा घेता घेता तो मला म्हणाला, "वहिनी, या आजाराचं नाव कुठं काढू नका. गावात कळलं तर उद्या पोरीच्या लग्नाला आडवं येईल. सैनिक कल्याणच्या ऑफिसात तर जाऊच नका, तिथं सगळी आपल्याच भागातली माणसं. बोभाटा होईल. मी गुपचूप काम करून देतो."

आम्ही फसलो ते या वाक्याने. पैशाची गोष्ट नंतर आली. गावात आम्ही "कंबरेला मार लागला म्हणून घरी आले" असं सांगत होतो. सासूबाईंच्या माहेरीसुद्धा खरं माहीत नव्हतं. आमचं तोंड बंद आहे हे त्याने बरोबर ओळखलं. ज्याला कोणालाच काही विचारायचं नाही, त्याला काहीही सांगता येतं.

आधी फाइल तयार करायचे ८,००० घेतले. मग दिल्लीला जाण्या-येण्याचे २५,०००. मग "पुन्हा बोर्ड बसवायचं आहे, वरच्या माणसाला द्यावे लागतात" म्हणून ६०,०००. त्यासाठी मी बोरमाळ मोडली. थकबाकी मिळेल त्यातले तीस टक्के त्याचे, असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. सह्या केलेले दोन कोरे चेक घेतले. आणि सर्वांत वाईट म्हणजे मूळ डिस्चार्ज बुक, बोर्डाचे कागद आणि नकाराचं पत्र "ऑफिसात ओरिजिनल दाखवावं लागतं" म्हणून घेऊन गेला. मी झेरॉक्ससुद्धा काढली नव्हती.

त्यानंतर चार वर्षं नुसत्या तारखा. साहेब बदलले, फाइल टेबलावर आहे, मग कोरोनात ऑफिस बंद. फोन केला की आधी यांची चौकशी करायचा, औषधं वेळेवर घेतात का विचारायचा. त्या चौकशीनेच मला गप्प बसवलं, हे आज लिहितानाही हात थरथरतो.

२०२२च्या डिसेंबरात त्याने व्हॉट्सअॅपवर निकालाची प्रत पाठवली. वर सिंहाचा शिक्का, यांचा आर्मी नंबर, रँक, सगळं बरोबर. बारा लाख थकबाकी मंजूर, पण पैसे सुटायला आधी १,२०,००० टॅक्स भरायचा. मी अंगणवाडीत काम करते, माझं इंग्रजी बेताचंच. तरी एक शब्द ओळखीचा वाटला: हायपरटेन्शन. सासूबाईंच्या बीपीच्या कार्डावर डॉक्टरांनी हाच शब्द लिहिलेला. यांना तर बीपी कधीच नव्हतं. रात्रभर मी ते कार्ड आणि मोबाइल शेजारी शेजारी ठेवून अक्षरं जुळवत बसले.

सकाळी उठून साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. पेन्शन नाही म्हणून यांचं माजी सैनिकाचं ओळखपत्रही नव्हतं, तरी तिथल्या कल्याण संघटकांनी बसवून घेतलं, आधी पाणी दिलं. कागद बघून म्हणाले, ताई, यावर ना केस नंबर धड आहे, ना तारीख. मंजूर झालेली थकबाकी सरळ खात्यात येते. ती सोडवायला आधी कोणाकडे पैसे भरावे लागत नाहीत. आजाराचं खरं नाव मी पहिल्यांदा परक्या माणसासमोर उच्चारलं ते तिथे. ते म्हणाले, अशा आजाराच्या फायली आमच्याकडे नेहमी येतात. आवाजही खाली केला नाही. मी चार वर्षं ज्याला भीत होते ते एवढंच होतं.

त्यांच्या सांगण्यावरून यांच्या सहीने फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिथे जवानाचे कागद असतात तिथे, माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. आमच्याकडून अपील आलंय का, आलं असेल तर त्याची प्रत द्या, आणि बोर्डाचे सगळे कागद द्या. उत्तर आलं. अपील मुदत संपल्यावर पोचलेलं, दीड पानाचं. त्यात उंचावरच्या ड्युटीमुळे रक्तदाब वाढल्याचं लिहिलेलं. कुणा दुसऱ्याच्या अपिलात नाव आणि नंबर तेवढा बदललेला. खालची सही यांची नाही. वायरलेसचं काही नाही, चौकीचं नाही, पहिल्यांदा दवाखान्यात कधी दाखल केलं त्याचंही नाही. आजाराचं नावच नसलेलं अपील कोण मान्य करणार?

अपिलात काय असायला हवं ते मला नंतर वकिलांकडून कळलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे माणसाला तब्येतीवरून घरी पाठवलं, तर आजार नोकरीतच जडला असं धरायचं. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा जवानाला. पण मनाच्या आजारांत हे इतकं सरळ नाही. असे आजार भरतीच्या तपासणीत दिसत नाहीत, म्हणून २०१९च्या एका निकालात स्किझोफ्रेनिया झालेल्या जवानाच्या विरोधात गेलं. उलट २०२५ साली दुसऱ्या जवानाला त्याच आजारात पेन्शन मिळाली, कारण बोर्डाने आपल्या मताची कारणंच दिली नव्हती. म्हणून बोर्डाच्या कागदावर "नोकरीमुळे नाही" यापुढे कारण लिहिलंय का, हे आधी बघा. पोस्टिंग कुठे होतं, पहिलं लक्षण केव्हा, कोणी पाहिलं, सुट्टीवर असताना की ड्युटीवर, तारखांसकट लिहा. मनाच्या आजारात कमांडिंग ऑफिसरचा एक वेगळा अहवाल असतो, तोही मागून घ्या. यांच्या चौकीवरच्या एका जोडीदाराने आम्हाला दोन पानी जबाब लिहून दिला. त्याला शोधायला एक फोन पुरला. तो आधी केला नाही, कारण त्यालाही कळू द्यायचं नव्हतं.

आणि शंभर टक्के खात्री देणाऱ्यापासून लांब राहा. निकाल दोन्ही बाजूंनी गेलेले आहेत, खात्री कोणी देऊ शकत नाही. निकालातल्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं वकिलालाही चालत नाही, बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. पुढे मिळणाऱ्या पेन्शनवर लिहून दिलेला करार १८७१च्या पेन्शन कायद्याने मुळातच रद्दबातल आहे. त्या स्टॅम्प पेपरला घाबरून मी दोन वर्षं गप्प बसले होते. मानसिक आजारी व्यक्तीला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, हा १९८७चा कायदा. आम्हाला तसेच वकील मिळाले.

मग आम्ही नवीन अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. २०२५ साली आम्ही सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज केला. प्रतिज्ञापत्र साताऱ्यात कोर्टाबाहेर टाइप करून घेत होतो. टायपिस्टने विचारलं, आजार काय लिहू? भोवती दहा-बारा माणसं उभी. मी पदर तोंडाशी नेला. यांनीच पुढे वाकून सांगितलं, "स्किझोफ्रेनिया. स ला क जोडा." दोनदा सांगितलं, नीट ऐकू जाईल असं.

जिंकलो तरी थकबाकी बहुधा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळेल, असं वकील म्हणतात. म्हणजे २०१७ ते २०२२ ही वर्षं गेली ती गेलीच. त्याने ९३,००० नेले ते वेगळे. चेक मी बँकेत जाऊन थांबवले. मूळ डिस्चार्ज बुक अजून त्याच्याकडेच आहे.

पोलिसांत गेल्यावर कळलं की कोरेगाव, खटाव, कराड बाजूला आणखी तीन घरं आहेत, तिन्ही घरांत मनाचाच आजार. २०१८ ते २०२२ या काळात तुमच्याकडून कोणी तीस टक्क्यांचा स्टॅम्प पेपर लिहून घेतला असेल, अपील केल्याचं सांगून पोचपावती दाखवली नसेल, तर रेकॉर्ड ऑफिसला दहा रुपयांचा तो अर्ज आजच टाका. उत्तर आलं की ते घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. घरचा माणूस आजारी आहे हे तिथे सांगावं लागेल. मी सांगितलं आहे.