डंजन्स अँड ड्रॅगन्सचा २०१४ चा स्टार्टर सेट: घरच्यांसोबत आठ महिने खेळल्यावर

हा गोष्ट खेळायचा खेळ: प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो, एक जण गोष्ट चालवतो (पुढे ‘चालवणारा’ म्हणजे तोच), आणि शंकेच्या जागी फासे ठरवतात. पेटीत मिळतं ते एवढं: ३२ पानांचं नियमपुस्तक, ६४ पानांचं साहस म्हणजे खेळायची तयार गोष्ट, तयार ५ पात्रं आणि ६ फाशांचा एक संच (‘वीसचा फासा’ म्हणजे वीस बाजूंचा, तसेच बाकीचे). आठ महिन्यांच्या वापरानंतरचं मत आधीच सांगतो. साहस उत्तम आहे, पण पेटी फोडून त्याच संध्याकाळी घरच्यांना बसवू नका. आदल्या दिवशी दीड-दोन तास तयारी केली तर आजी आणि चौथीतला नातू एकाच टेबलावर मजेत खेळतात. तयारी नसेल तर पहिल्या लढाईलाच डाव बसतो.

सगळ्यात आधी पात्रपत्रिका बाजूला ठेवा. त्या इंग्रजीत आहेत, अक्षर बारीक आहे आणि पहिल्या दिवशी लागणार नाही अशी निम्मी माहिती त्यांवर आहे. ज्यांनी असा खेळ कधी पाहिलेला नाही, त्यांच्या हातात तो कागद दिला की परीक्षेचा पेपर मिळाल्यासारखा चेहरा होतो. त्याऐवजी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मराठीत कार्ड करा. हाफलिंग म्हणजे ठेंगण्या जमातीतल्या चोराचं कार्ड असं होतं (बचाव म्हणजे त्याला वार लागण्यासाठी शत्रूनं गाठायचा आकडा, जीव म्हणजे तो किती मार सोसतो ते): बचाव १४. जीव ९. आखूड तलवार किंवा धनुष्य: वीसच्या फाशावर अधिक ५, वार लागला तर सहाच्या फाशावर अधिक ३. शत्रूला आपलं दुसरं माणूस भिडलेलं असेल तर वारात आणखी एक सहाचा फासा, एका फेरीत एकदाच. वीसच्या फाशावर १ पडला तर तो फासा पुन्हा टाकायचा. पाच ओळी झाल्या, पुरे. मूळ पत्रिका चालवणाऱ्याने स्वतःकडे ठेवावी आणि तिच्या झेरॉक्सवरच लिहावं, कारण जीवाचा आकडा सारखा खोडून तो कोपरा लवकरच झिजतो.

नियम एकच सांगायचा: जमेल की नाही अशी शंका असेल तेव्हा वीसचा फासा टाका, कार्डावरचा आकडा मिळवा; सोप्याला १०, मध्यमला १५, अवघडाला २० गाठायचे. बाकीचं खेळता खेळता. चालवणाऱ्याच्या हातून होणारी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक गोष्टीला दान मागणं. ‘मी झाडामागे बघते’ म्हटलं की झाडामागे काय आहे ते सांगून टाका. गुहेकडे जाणारी वाट शोधायलाही दान मागू नका. ते कमी पडलं तर गोष्ट तिथेच अडते आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघत बसतात.

फाशांचा एकच संच पाच जणांना कमी पडतो. निदान वीसचा एक जास्तीचा फासा घ्याच, कारण काही वेळा दोन टाकून मोठा धरायचा असतो. सहाचे फासे ल्युडोतले चालतात. दहाच्या फाशावरचा ० म्हणजे १०, हे दोनदा सांगावं लागतं. टेबलाखाली फासे शोधण्यात फार वेळ जातो, म्हणून परातीत जाड नॅपकिन अंथरून त्यातच दान टाकायचं. आवाजही होत नाही, आणि दान पडलं की सगळे परातीवर वाकतात.

पेटीत सोंगट्या नाहीत. कॅरमच्या उत्तम चालतात: पांढऱ्या आपल्या, काळ्या गॉब्लिनांच्या (गोष्टीतले छोटे दुष्ट राक्षस), राणी म्हणजे म्होरक्या. पांढऱ्यांवर कागदी चिकटपट्टी लावून पात्राचं पहिलं अक्षर लिहावं. फक्त एक लक्षात ठेवा. नकाशाचा चौकोन एरवी एक इंचाचा आखतात, पण कॅरमची सोंगटी तीन सेंटिमीटरहून थोडी मोठी असते, त्यामुळे इंचाच्या चौकोनात ती मावत नाही. ड्रॉइंग पेपरवर ४ सेंटिमीटरचे चौकोन आखा, एक चौकोन म्हणजे ५ फूट.

आता खरी अडचण. साहसाची सुरुवात अशी: गंड्रेन नावाच्या बुटक्याने दिलेला माल बैलगाडीतून फॅन्डालिन गावाकडे न्यायचा, वाटेत दोन मेलेले घोडे आडवे पडलेले, आणि झुडपात ४ गॉब्लिन दबा धरून. दृश्य फार छान जमलंय, पण गणित नवख्यांच्या विरुद्ध जातं. प्रत्येक गॉब्लिनचा जीव ७, बचाव १५, वार सहाच्या फाशावर अधिक २, म्हणजे सरासरी साडेपाच. जादूगाराचा जीव ८. दोन बाण लागले की तो आडवा. त्यात पुस्तकाप्रमाणे खेळाडू बेसावध सापडले तर पहिल्या फेरीत मार फक्त गॉब्लिनांचा. ज्याने तासभर वाट पाहून पहिलंच वाक्य उच्चारायचं, त्याचं पात्र बोलायच्या आधीच बेशुद्ध होतं. दहा वर्षांच्या मुलाला हे फार लागतं, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून पहिल्या दिवशी बेसावध पकडण्याचा नियम गाळा. तीन खेळाडू असतील तर २ गॉब्लिन, चार असतील तर ३. जीव ० झाला की पात्र बेशुद्ध, मेलेलं नाही, आणि कोणीतरी जवळ जाऊन पाणी पाजलं की १ जीवावर उठतं. हा मूळ नियम नव्हे. मुळात दर फेरीला दान टाकायचं, १० किंवा वर तीनदा पडलं तर जीव वाचतो, खाली तीनदा पडलं तर मरण. तो नियम तिसऱ्या-चौथ्या बैठकीत आणा.

जादूगार मुलाच्या हाती द्यायचा असेल तर झोपेच्या मंत्राची तालीम आधी करा. आठचे ५ फासे टाकून बेरीज करायची. पेटीत आठचा एकच फासा असल्याने तो पाचदा टाकायचा. सरासरी बेरीज साडेबावीस येते, म्हणजे ७ जीवाचे तीन गॉब्लिन एका झटक्यात गाढ. सगळं घर मोठ्यानं बेरीज करतं: सहा, नऊ, सतरा, एकोणीस, चोवीस! पहिल्या बैठकीत याहून चांगला क्षण दुसरा नाही. धोका एकच आणि तो हमखास विसरला जातो: झोप आधी कमी जीवाच्याला लागते, मग तो आपला असो वा परका. मंत्राच्या घेऱ्यात ३ जीवावर लटपटणारा आपलाच लढवय्या असेल तर सगळ्यात आधी तो घोरू लागेल. मंत्र टाकण्याआधी मुलाला विचारा, घेऱ्यात आपलं कोण आहे? आणि पहिल्या पायरीवर (पात्र अनुभवानं एकेक पायरी वर चढतं) असे मंत्र मोजकेच टाकता येतात, हेही सांगून ठेवा.

पुस्तकातले चौकटीतले वर्णनाचे परिच्छेद भाषांतर करून वाचू नका, कानाला लाकडी लागतात. तीन वाक्यं पाठ करा: काय दिसतं, काय ऐकू येतं, काय विचित्र आहे. मराठीत खेळताना एक गोष्ट जास्तीची सांभाळावी लागते. गॉब्लिन आजोबांच्या पात्राशी बोलणार, म्हणजे ‘ए, थांब तिथंच’ असं आजोबांकडे बघूनच म्हणावं लागतं, आणि मग चालवणारा अडखळतो, किंवा गॉब्लिन भलताच अदबीनं बोलायला लागतो. उपाय सोपा आहे. बोलताना नजर सोंगटीवर ठेवा आणि पात्राचं नाव घ्या. प्रश्न विचारताना मात्र आजोबांकडे बघून ‘तुम्ही काय करता?’ असं, नेहमीच्या मानानं. दोन-तीनदा झालं की सगळ्यांना फरक कळतो आणि आजोबाच सोंगटीच्या तोंडून गॉब्लिनला दरडावू लागतात.

वडीलधारे सगळ्यांच्या वतीनं निर्णय घेतात, हीसुद्धा घरच्या डावाची खास अडचण. ‘तू मागे राहा, मी बघतो’ हे प्रेमानंच येतं, पण मुलाची पाळी त्यात जाते. पाळी लहानापासून सुरू करून टेबलाभोवती फिरवा, पुढाकाराचं, म्हणजे कोण आधी ते ठरवणारं, दान पहिल्या दिवशी नकोच. आणि ज्याची पाळी त्याच्याच हातात फासा. फासा हातात नसेल त्यानं सल्ला द्यावा, पण ठरवू नये.

पहिली बैठक दोन तासांची ठेवा. दबा, मग वाट, मग गुहेचं तोंड आणि ओढ्यापलीकडचे पहारेकरी, बस. गुहेतला म्होरक्या क्लार्ग पुढच्या वेळी. त्याचा जीव २७ आणि वार आठचे दोन फासे अधिक २, सरासरी ११, म्हणजे पहिल्या पायरीचं बहुतेक पात्र एकाच फटक्यात खाली. त्याच गुहेत यीमिक नावाचा गॉब्लिन गंड्रेनच्या सोबत्याला, सिल्डारला, ओलीस धरून सौदा करायला बघतो: क्लार्गला मारा, मग माणूस सोडतो. लढाईचा कंटाळा असणारी मंडळी इथे खुलतात. बाजारात भाव करायची सवय असलेल्या माणसाला इथे दानाची फारशी गरज पडत नाही.

उणिवा दोन. स्वतःचं पात्र कसं बनवायचं ते या पेटीत नाही, त्यासाठी फुकट मिळणारे बेसिक रूल्स उतरवून घ्यावे लागतात. आणि साहस पाचव्या पायरीपर्यंतच नेतं, पण महिन्यातून दोनदा बसणाऱ्या घराला तेवढं भरपूर पुरतं. २०२२ चा ‘ड्रॅगन्स ऑफ स्टॉर्मरेक आयल’ हा सेट पहिल्या लढाईला सौम्य आहे, कारण समुद्रातून येणारे झॉम्बी हळू चालतात आणि पळून जायला वाव राहतो. पण त्याची गोष्ट तिसऱ्या पायरीलाच संपते. फक्त लहान मुलं असतील तर तो घ्या, मोठी माणसं मिसळून बसणार असतील तर २०१४ चाच.

पेटी बंद करण्याआधी प्रत्येक कार्डाच्या मागे चार गोष्टी पेन्सिलनं लिहून ठेवा: उरलेला जीव, उरलेले मंत्र, नाणी आणि डाव थांबला तेव्हा पात्र कुठे उभं होतं. हे राहिलं तर पुढच्या बैठकीची पहिली वीस मिनिटं ‘माझ्याकडे मशाल होती’ आणि ‘नव्हती’ यातच जातात.