लिटल राउंड टॉपवर गाइड घ्यावा का?

लिटल राउंड टॉप ही गेटिसबर्गमधली टेकडी, आणि गेटिसबर्ग म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धाची (उत्तर विरुद्ध दक्षिण) पेनसिल्व्हेनियातली रणभूमी. ती पाहायला तिकीट नाही. पैसे पडतात ते म्युझियमचे आणि गाइडचे. घाई असेल तर म्युझियम सोडा, गाइड सोडू नका.

इथले परवानाधारक गाइड तुमचीच गाडी चालवत फिरवतात. नेहमीची फेरी दोन तासांची, आणि त्यात तीन दिवसांची अख्खी लढाई. या टेकडीवर उत्तरेच्या फौजेचं डावं टोक राखणाऱ्या कर्नल जोशुआ चेंबरलेनच्या वाट्याला फारच थोडा वेळ येतो. म्हणून बुकिंग करतानाच सांगून ठेवा: त्याच्या विसाव्या मेन रेजिमेंटची (मेन हे उत्तरेतलं राज्य) जागा नीट पाहायची आहे. लिटल राउंड टॉप २०२२ ते २०२४ दुरुस्तीसाठी बंद होतं. आता पायवाटा छान झाल्यात, पार्किंग मात्र तुटपुंजं, सकाळीच पोचा.

बहुतेक मंडळी माथ्यावर जनरल वॉरनच्या पुतळ्यापाशी फोटो काढून परत फिरतात. विसाव्या मेनचा ग्रॅनाइटचा स्मारक-दगड दक्षिण उतारावर, झाडीत आहे. त्यावर हिशेब कोरलाय: ३५८ लढले, ३८ गेले, ९३ जखमी, शत्रूचे ३०८ कैद केले.

गाइडची परीक्षा इथेच होते. चांगला गाइड तुम्हाला रांगेच्या डाव्या टोकाला उभं करतो आणि ती फळी मागे कशी वळवली, त्यापायी किती विरळ झाली, ते चालून दाखवतो. माणशी ६० काडतुसं होती. मिनिटाला तीन बार धरले तर वीस मिनिटांचा माल, आणि झुंज चालली तासाच्या वर. मग संगिनी लावून हल्ला. डावी बाजू दारासारखी फिरली. बाजूला आधीच पाठवलेल्या कॅप्टन मॉरिलच्या बी कंपनीने दगडी भिंतीआडून गोळीबार केला. समोरची दक्षिणेची पंधरावी अलाबामा रेजिमेंट तहानलेली होती, कारण पाणी आणायला गेलेली त्यांची माणसंच पकडली गेली होती. हे न सांगता नुसतं शौर्य सांगणारा गाइड अर्धवट. अलाबामाचा कर्नल ओट्स म्हणे, माघारीचा हुकूम मी आधीच दिला होता. पुढे ओट्सच्या रेजिमेंटच्या स्मारकाच्या जागेवरूनही त्याचं आणि चेंबरलेनचं वाजलं. हा वाद गाइडला जरूर विचारा.

उणीव एकच, पण मोठी. २ जुलै १८६३ च्या, म्हणजे या झुंजीच्या दिवसाच्या, आधीचं आणि नंतरचं इथे फारसं कानावर पडत नाही. चेंबरलेन हा मेनमधल्या बोडन कॉलेजातला प्राध्यापक, युरोपात अभ्यासाची रजा हातात असताना १८६२ मध्ये स्वयंसेवक झाला. गव्हर्नर थेट कर्नलपद देत होते. त्याने ते नाकारून लेफ्टनंट कर्नलपद घेतलं आणि वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत शिकलेल्या कर्नल एम्सच्या हाताखाली कवायत शिकला. त्या शिकण्याशिवाय वर्षभरात ऐन गोळीबारात फळी वळवणं जमलं नसतं. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गला १८ जून १८६४ रोजी गोळी त्याच्या एका कुल्ह्यातून दुसऱ्यापर्यंत गेली. वाचणार नाही असं समजून उत्तरेचे सरसेनापती ग्रँट यांनी त्याला जागेवर ब्रिगेडियर जनरल केलं. तो वाचला, १२ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला शरण आलेल्या दक्षिणेच्या सैनिकांची शस्त्रं त्याच्यासमोर ठेवली गेली, आणि १९१४ मध्ये गेला तो त्याच जखमेने.

या भागासाठी मेनमधल्या ब्रन्सविकचं त्याचं घर पाहा. तिथे आता म्युझियम आहे. ते हंगामी असतं, निघण्याआधी वेळा तपासा.