तळ्यातील जलपर्णी काढणारी यंत्रसेवा: आमच्या गावचा अनुभव

गोव्यातील डिचोली तालुक्यात असलेल्या आमच्या गावची वायंगण शेती, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतले जाणारे भाताचे पीक, तळ्याच्या पाण्यावर चालते. पाटाचे तोंड जलपर्णीने बुजल्यामुळे शेतकऱ्यांनी वर्गणी काढून यंदा तरंगत्या यंत्राने तण काढून देणारी सेवा घेतली. कंत्राटदाराचे नाव देत नाही; इतर गावांना अनुभव उपयोगी पडावा, एवढाच हेतू आहे.

कामाचा वेग वाखाणण्याजोगा होता. गेल्या वर्षी गावकऱ्यांनी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून आठवडाभर जेवढे तण उपसले, तेवढे यंत्राच्या पट्ट्याने दोन दिवसांत वर ओढले. चालकांनी बांधालाही जपले.

बिघडले ते पुढे. जलपर्णीच्या वजनात सुमारे 95 टक्के पाणी असते, त्यामुळे ती ओली वाहून नेणे महाग पडते हे मान्य. परंतु काठापासून दूर उन्हात सुकवून नेली असती, तर तिचे ओझे कितीतरी कमी झाले असते. ढीग पाण्यापासून दोन हातांवर सोडून माणसे निघून गेली. अवकाळी पावसाच्या एका सरीने त्यातील रोपे परत तळ्यात लोटली, आणि अनुकूल हवेत ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होत असल्याने महिन्याभरात पाटाच्या तोंडाशी पुन्हा हिरवा थर दिसू लागला.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे यंत्र दुसऱ्या तळ्यावरून न धुता आले होते. पट्ट्याच्या फटीत अडकलेले एक रोप मी हातात घेतले: मध्यशिरेवर दुमडलेली जोडपाने आणि त्यांवर टोकाशी जुळलेले इतके बारीक केस, की पाण्याचा थेंब वरच्या वर गोळा होऊन राहतो. ते साल्विनिया होते, मूळचे ब्राझीलचे तरंगते नेचे. त्याचे बीजाणू वांझ असतात; ते वाढते तुटलेल्या तुकड्यांपासून. आमच्या तळ्यात पूर्वी नसलेले हे तण आता दोन कोपऱ्यांत आहे आणि दर रविवारी आम्ही ते टोपल्यांनी वेचतो. विचारणा केली तेव्हा "आम्ही तण काढायला येतो, आणायला नव्हे," एवढेच उत्तर मिळाले.

केरळात 1980 च्या दशकात एका छोट्या भुंग्याने साल्विनिया आटोक्यात आणले, पण त्या उपायाला वेळ लागतो आणि वायंगणाचे पाणी तेवढे थांबत नाही. म्हणून पुढच्या वर्षीही यंत्र बोलवावे लागेल. मात्र ते आमच्यादेखत धुतल्याशिवाय तळ्यात उतरणार नाही आणि शेवटचा हप्ता ढीग उचलल्यावरच मिळेल, असे करारात लिहून घेणार आहोत.