२०,७९९ रुपयांना ऑफर लेटर विकत घेतलं मी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली, दुसऱ्यांचे बग शोधायचा पगार घेतला, आणि समोर खुर्चीत बसलेला बग काही दिसला नाही.

प्रोजेक्ट गेला, दोन महिने बेंचवर, म्हणजे काम न देता नुसतं बसवून, मग "तुम्हीच रिझाइन करा". त्याला आता सात महिने झाले. इंटरव्ह्यू आले चार, त्यातल्या दोन ठिकाणी तिसऱ्या राउंडनंतर एचआरनं फोन उचलणंच बंद केलं. हिंजवडीला एका वॉक-इनला गेलो तर गेटबाहेर फायली घेऊन उभी पोरं बघूनच अर्धा जीव गेला. कर्वेनगरला १८,००० भाडं, वर सासरे दर रविवारी "काय, कुठं काही?" हे सगळं सांगतोय कारण नंतर प्रत्येक जण म्हणतो "तुला कळलं कसं नाही?" तुम्ही सात महिने घरी बसून दाखवा, मग बोलू.

बाणेरला तिसऱ्या मजल्यावर नोकरी लावून देणाऱ्यांचं ऑफिस. मॅडमनी सांगितलं "हे बॅकडोअर नाहीये हं सर", म्हणजे पैसे देऊन मागच्या दारानं नोकरी नव्हे. मी विचारलंही नव्हतं! रजिस्ट्रेशन १,४९९. मग फोनवर इंटरव्ह्यू, आणि त्या माणसानं खरे प्रश्न विचारले हो, ऑटोमेशनचे, एका प्रश्नाला मी अडकलो पण. मग मोठ्या कंपनीचा लोगो असलेलं ऑफर लेटर, ७.२ लाख. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे ६,५००. शेवटी लॅपटॉप डिपॉझिट १२,८००, "पहिल्या पगारात रिफंड".

आता तो क्षण, जो रोज रात्री आठवतो. टेबलावर काचेखाली क्यूआर होता, त्याचा एक कोपरा सेलोटेपनं चिकटवलेला. स्कॅन केला तर स्क्रीनवर कंपनीचं नाव नाही, कुणा बाईचं नाव आलं. मी वाचलं. विचारलंसुद्धा. मॅडम हसून म्हणाल्या "अकाउंट्सच्या मॅडम आहेत सर, जीएसटीमुळे", आणि मी मान डोलावली! जीएसटीमुळे म्हणजे काय, हे अजून मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. पिन टाकला. जॉइनिंगची तारीख रविवारची होती, ते घरी कॅलेंडर बघून बायकोनं सांगितलं, तरी मी तिच्यावरच चिडलो.

पैसे गेल्यावर नऊ दिवसांनी ऑफिसला कुलूप. दारावरचा नावाचा कागदही फाडून नेलेला. तुम्ही नऊ दिवस थांबू नका, कळल्या क्षणी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवले तरच काही होतं.

पोलिसांचं काय सांगू. चौकीत म्हणाले ऑनलाइन पैसे दिले म्हणजे सायबरला जा. सायबरवाले म्हणाले स्वतः ऑफिसला जाऊन दिलेत ना, मग लोकल पोलीस स्टेशन. तिथं "तुम्ही राहता कुठं? मग आमची हद्द नाही". अहो पण ऑफिस तुमच्याच हद्दीत! तीन तास बाकावर बसवून शेवटी साधा तक्रार अर्ज घेतला, शिक्का मारला, एफआयआर नाहीच. वर साहेबांचा टोमणा, "शिकलेले लोक तुम्ही". नंतर वकील मित्राकडून कळलं की नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो तक्रार नोंदवून घ्यायचीच आहे. हे तोंडावर म्हणायला शिका, मला तेव्हा माहीत नव्हतं. बँकेचं तर एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात.

ऑफर लेटर आलं की त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून एचआरचा पत्ता काढून तिथं मेल टाका. लेटरवरच्या नंबरवर फोन करून "खात्री" करू नका, मी तेच केलं, आणि त्याच मॅडमनी उचलला.

बाणेरच्या त्या ऑफिसात अजून कुणी बसलं असेल तर पेमेंटचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका आणि मला मेसेज करा. त्या दिवशी ऑफिसबाहेरच्या बाकावर माझ्याशिवाय पाच जण होते, एक मुलगी तर वडिलांना घेऊन आली होती. एकट्याचा अर्ज पोलीस फायलीत दाबतात. दहा जण एकदम गेलो तर निदान आत खुर्ची तरी देतील.