कॅलिफोर्निया एज्युकेशन कोडचं जाडजूड पुस्तक, घ्यावं का?
मुलगी इथल्या पब्लिक स्कूलला जाते, स्कूल बोर्डाच्या (इथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या) मीटिंगला जायला लागले तसं नियम नीट कळावेत म्हणून राज्याच्या शिक्षणविषयक कायद्यांचं हे छापील पुस्तक मागवलं. कागद फारच पातळ, मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात, रात्री वाचताना डोळे दुखतात. पण शेवटची सूची एकदम भारी! त्यातूनच कलम 35145.5 सापडलं, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टच्या कामाशी थेट संबंध असलेला विषय आपण पालकसुद्धा बोर्डाच्या अजेंड्यावर घ्यायला लावू शकतो, मला हे माहीतच नव्हतं!! नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा 72 तास आधी लावायचा नियम मात्र ब्राउन ॲक्टचा (स्थानिक संस्थांच्या मीटिंग लोकांसाठी खुल्या ठेवायचा कायदा), तो गव्हर्नमेंट कोडमध्ये बघा. कायदे दरवर्षी बदलतात, त्यामुळे जुनी एडिशन स्वस्तात मिळाली तरी नको, आणि एखाददुसरं कलमच बघायचं असेल तर विधिमंडळाच्या साइटवर सगळं फुकट आहे.