‘इम्युनिटी जीन’ किट की एक्झोम तपासणी? नाशिककरांनी पैसे कशावर घालावेत

ऑनलाइन मागवलेलं लाळेचं किट सिडकोपासून पंचवटीपर्यंत दोन-तीन दिवसांत घरपोच येतं. फ्लू, कोरोना, आरएसव्ही अशा विषाणूंचा न्यूमोनिया तुम्हाला कितपत जड जाईल, हे तुमच्या जीन्सवरून सांगू, असा त्याचा दावा. किंमत साधारण ५ ते १० हजार. दुसरीकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होणारी एक्झोम तपासणी, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या सगळ्या जीन्सचं अक्षर न् अक्षर वाचन, साधारण १५ ते ३० हजारांची. लोक दोन्हींना ‘डीएनए टेस्ट’च म्हणतात आणि गल्लत तिथेच होते. किटला पाचपैकी दीड तारा. एक्झोमला चार, पण ज्याला गरज आहे त्याच्यासाठीच.

आधी किट. नमुना द्यायची सोय चांगली आहे. नळीवरच्या रेघेपर्यंत २ मिली लाळ द्यायची. फेस मोजायचा नाही, फेस बसल्यावर लाळ रेघेला टेकली पाहिजे. आधी अर्धा तास खाणं, पिणं, तंबाखू, गुटखा, चुइंगम बंद. रविवारी सकाळी मिसळ खाऊन आल्यावर लगेच नमुना दिला तर अन्नाचे कण आणि तोंडातले जंतू त्यात येतात, माणसाचा डीएनए कमी भरतो आणि आठवड्याभराने ‘पुन्हा नमुना द्या’ असा मेसेज येतो. झाकणातलं द्रावण पूर्ण खाली उतरवून नळी नीट हलवायची. ते मिसळलं नाही तर डीएनए कुजायला लागतो. नीट मिसळलेला नमुना एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरमध्ये दोन दिवस राहिला तरी बिघडत नाही. लहान मुलांना आणि तोंड कोरडं पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना २ मिली लाळ काढणं अवघड जातं, त्यांच्यासाठी स्पंजचा स्वॅब वेगळा मागावा लागतो.

खरी अडचण रिपोर्टमध्ये आहे. तिसऱ्या गुणसूत्रापुढे लाल रंगात ‘जास्त धोका’ असं लिहिलेलं दिसतं. त्यामागचं संशोधन खरं आहे. २०२० मध्ये इटली आणि स्पेनमधल्या गंभीर कोरोना रुग्णांत या गुणसूत्राचा एक भाग पहिल्यांदा ठळकपणे दिसला. त्याच वर्षी झेबर्ग आणि पेबो या संशोधकांनी दाखवलं की डीएनएच्या सुमारे ५० हजार अक्षरांचा हा तुकडा निअँडरथल या नामशेष झालेल्या माणसाकडून आपल्याकडे आला आहे. त्यातलं एलझेडटीएफएल१ हे जीन फुप्फुसाच्या अस्तराच्या पेशींवर परिणाम करतं, असं २०२१ मध्ये पुढे आलं. पण याच संशोधनातली दुसरी गोष्ट रिपोर्टात नसते: दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांकडे या तुकड्याची किमान एक प्रत आहे. युरोपात हे प्रमाण १६ टक्के. म्हणजे नाशिकमधल्या चार जणांच्या घरात दोघांच्या रिपोर्टवर लाल शिक्का येणं अगदी साहजिक आहे. एका प्रतीने गंभीर आजाराची शक्यता साधारण दीड-पावणेदोन पट होते. वय, मधुमेह आणि वजन यांचा परिणाम याहून मोठा असतो. पस्तिशीतल्या निरोगी बाईला लाल शिक्क्याने घाबरवणं आणि सत्तरीतल्या मधुमेही काकांना हिरव्या शिक्क्याने निर्धास्त करणं, दोन्ही घातक. दुसऱ्याची काळजी जास्त वाटते, कारण हिरवा शिक्का बघून लस टाळली जाते.

दुसरी चूक म्हणजे ‘इम्युनिटी स्कोअर १०० पैकी अमुक’. प्रतिकारशक्ती ही एका पट्टीवर मोजायची वस्तू नाही. विषाणू पेशीत शिरल्यावर टीएलआर३, टीएलआर७ यांसारखे पहारेकरी त्याचा आरएनए ओळखतात, आयआरएफ७ हे जीन इंटरफेरॉन हा धोक्याचा इशारा देणारा पदार्थ तयार करायला लावतं, तो पेशीवरच्या आयएफएनएआर१ आणि आयएफएनएआर२ या कड्यांना जाऊन लागतो आणि मग ओएएस१, आयएफआयटीएम३ यांसारखी जीन्स विषाणूची वाढ अडवतात. हे पहिल्या एक-दोन दिवसांत झालं नाही तर विषाणू मोकाट वाढतो. नंतर शरीर जागं होतं ते भलत्याच जोराने, आणि सूज येऊन फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणजे सुरुवातीला प्रतिसाद कमी पडतो आणि शेवटी जास्त होतो. ब्रिटनमध्ये आयसीयूतल्या २,२४४ कोरोना रुग्णांच्या अभ्यासात टीवायके२ हे जीन जास्त काम करतं तिथे धोका वाढलेला दिसला; पण त्याच जीनचा एक दुबळा प्रकार दोन्ही प्रतींत असला तर क्षयाचा धोका वाढतो. तिसऱ्या गुणसूत्रावरचा तुकडासुद्धा कोरोनाला वाईट आणि एचआयव्हीच्या बाबतीत थोडा संरक्षक. मग याचा एक आकडा काढणार कसा? त्या आकड्याखाली गुळवेल आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांची शिफारस छापलेली असेल तर तिचा तुमच्या जीन्सशी काडीचा संबंध नाही.

तिसरी चूक तांत्रिक. किट चिपवर चालतं, म्हणजे आधी ठरवलेली काही लाख ठिकाणंच बघते. नेहमी सापडणारे बदल चिप बरोबर वाचते. अतिदुर्मीळ बदलांत ती फसते: यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीसंग्रहातल्या सुमारे ५० हजार लोकांवर २०२१ मध्ये पडताळणी झाली, तेव्हा चिपने दाखवलेल्या सर्वांत दुर्मीळ बदलांपैकी फक्त १६ टक्के खरे निघाले. आणि न्यूमोनियाने तरुण माणसाला व्हेंटिलेटरवर नेणारे बदल नेमके दुर्मीळच असतात. एचएलए (पेशींची ओळखचिन्हं ठरवणारी जीन्स) प्रकारही चिपवरून थेट वाचला जात नाही, अंदाजाने भरला जातो. त्यासाठीचा तुलनासंच युरोपीय असेल तर आपल्याकडे तो चुकतो.

आता एक्झोम. ही सगळ्यांनी करायची तपासणी नाही. पन्नाशीच्या आतला, आधी कुठलाही आजार नसलेला माणूस फ्लू किंवा कोरोनाने व्हेंटिलेटरवर गेला. मूल विषाणूच्या न्यूमोनियाने पुन्हा पुन्हा आयसीयूत गेलं. गोवराच्या जिवंत लशीनंतर बाळ गंभीर आजारी पडलं. घरात दोन भाऊ असेच गेले. आईवडील मामे-आते नात्यातले आहेत आणि मुलाला असं काही झालं: अशा ठिकाणी पैसे वसूल होतात. नात्यातल्या लग्नाचा प्रश्न यासाठी की आयआरएफ७, आयएफएनएआर१ यांतला दोष बहुधा दोन्हीकडून आला तरच आजार होतो. टीएलआर७ एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांना एकच बिघडलेली प्रत पुरते. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या दोन कुटुंबांतले गंभीर कोरोना झालेले चार तरुण असेच सापडले.

नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये २ ते ३ मिली रक्त. ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करायची, नाहीतर गुठळी होते. फ्रीजमध्ये चालेल, फ्रीजरमध्ये नाही. शनिवारी दुपारी दिलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहतो, म्हणून सोम ते गुरू गाठावेत. नुकतंच रक्त चढवलं असेल तर फॉर्मवर लिहाच. स्टेरॉइडने डीएनए बदलत नाही, पण सोबत केलेल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या (अँटिबॉडीज) तपासण्या त्याने बदलतात.

फॉर्मवर नुसतं ‘एक्झोम’ लिहून पाठवलं तर रिपोर्ट ढोबळ येतो. ‘तीव्र विषाणूजन्य न्यूमोनिया, जन्मजात प्रतिकारदोषाची शंका’ असं लिहून जीन्सची नावं द्यावीत: टीएलआर३, टीएलआर७, यूएनसी९३बी१, टीबीके१, आयआरएफ३, आयआरएफ७, आयआरएफ९, आयएफएनएआर१, आयएफएनएआर२, स्टॅट१, स्टॅट२, आयएफआयएच१, गाटा२. लॅबला तीन प्रश्न विचारा. एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी संस्था) मान्यता या तपासणीसाठी आहे का? सरासरी खोली, म्हणजे एकेक अक्षर किती वेळा वाचलं जातं ती, ८० ते १०० पट मिळेल का? व्हीसीएफ फाइल, म्हणजे सापडलेल्या सगळ्या बदलांची कच्ची यादी, देणार का? तिसऱ्याला टाळाटाळ झाली तर दुसरी लॅब बघा. शक्य असेल तर आईवडिलांचेही नमुने द्यावेत. बदल कुठून आला हे त्याशिवाय कळत नाही.

रिपोर्टात ‘व्हीयूएस’ आलं तर तो दोष नव्हे. अर्थ अजून ठरलेला नाही, एवढंच. त्यावरून औषध किंवा लग्न ठरवू नये. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था, एनआयआयएच, आहे. जन्मजात प्रतिकारदोषांवर तिथे वर्षानुवर्षं काम चालतं. नाशिकहून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन येता येतं.

एक्झोमचा एक तारा कापला तो यासाठी: कोरोनाने प्राण धोक्यात आलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडीज सापडल्या, त्यातले ९५ पुरुष. सत्तरीनंतर त्यांचं प्रमाण वाढतं. यातलं काहीच एक्झोममध्ये दिसत नाही. त्याला सीरमची वेगळी तपासणी लागते आणि ती नेहमीच्या लॅबमध्ये सहसा होत नाही. म्हणून वयस्कर पुरुषाचा एक्झोम ‘नॉर्मल’ आला तरी प्रश्न सुटत नाही.

दोष सापडला तर करण्यासारखं बरंच असतं. आयआरएफ७च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असलेल्या ज्या मुलीचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तिला पुढे दरवर्षी फ्लूची लस दिली आणि ती ठीक राहिली. अशा घरात पावसाळ्याआधी सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी, ताप आल्यावर ४८ तासांच्या आत ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध सुरू करण्याची चिठ्ठी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी आणि जिवंत विषाणूची कुठलीही लस इम्युनॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नये. रिपोर्टची एक प्रत मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाला टाचून ठेवा, आणि दोन वर्षांनी त्याच व्हीसीएफचं पुन्हा विश्लेषण मागा. तोवर एखाद्या व्हीयूएसचा अर्थ लागलेला असू शकतो.